दुसऱ्या ॲप्लिकेशनमधून पॅरामीटर पाठवून वेब-फॉर्म आधीच भरून देणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एका कनिष्ठ महाविद्यालयाच्या कार्यालयासाठी मी प्रवेशाचे, शिष्यवृत्तीचे आणि शुल्काचे फॉर्म तयार करून देतो. विद्यार्थ्यांची बरीचशी माहिती तिथे गूगल शीट्समध्ये आधीपासूनच असते. काही फॉर्म गूगल फॉर्म्सवर असतात, तर काही संस्थेच्या स्वतःच्या संकेतस्थळावर. असलेली माहिती पालकांना पुन्हा टंकायला लावू नये, ती शीटमधून फॉर्ममध्ये आपोआप यावी, एवढी साधी अपेक्षा असते. ती पूर्ण करताना कार्यालयातील सहकारी आणि इतर महाविद्यालयांतील मंडळी जे प्रश्न विचारतात, ते येथे उत्तरांसह दिले आहेत. नमुन्यादाखल दिलेले लिंकचे तुकडे देवनागरीत लिहिले आहेत. प्रत्यक्ष लिंकमध्ये रकान्यांची नावे रोमन लिपीत आणि अंक इंग्रजीच असतात.

पॅरामीटर पाठवणे म्हणजे नेमके काय?

फॉर्मच्या पत्त्यापुढे प्रश्नचिन्ह देऊन त्यानंतर ‘नाव=मूल्य’ अशा जोड्या लिहिल्या जातात आणि एक जोडी दुसरीपासून ‘&’ या चिन्हाने वेगळी केली जाते. ‘…?वर्ग=११&शाखा=विज्ञान’ अशी लिंक उघडली, तर फॉर्मला दोन गोष्टी कळतात : वर्ग अकरावी आणि शाखा विज्ञान. प्रश्नचिन्हापुढे माहिती जोडण्याची रचना २००५ साली प्रसिद्ध झालेल्या आरएफसी ३९८६ या इंटरनेटच्या मानकात निश्चित केलेली आणि जोड्यांची पद्धतही सर्वत्र रूढ असल्यामुळे लिंक शीटने तयार केली, एसएमएस पाठवणाऱ्या प्रणालीने केली की मोबाईल ॲपने, फॉर्मच्या दृष्टीने काही फरक पडत नाही. मात्र आलेल्या जोडीचे काय करायचे हे पूर्णपणे फॉर्मच ठरवतो. ज्या नावाचा रकानाच फॉर्मात नाही, ते नाव पाठवले तर सहसा कोणतीही चूक दाखवली जात नाही. मूल्य गुपचूप गळून जाते. ‘लिंक चालते, पण रकाना रिकामाच राहतो’ या तक्रारीचे कारण बहुतेक वेळा येथेच सापडते.

गूगल फॉर्म्समध्ये रकान्याचे नाव कोठे सापडते?

फॉर्म संपादनासाठी उघडून वरच्या तीन टिंबांच्या मेनूमध्ये आधीच भरलेली लिंक मिळवण्याचा पर्याय निवडावा. समोर येणाऱ्या कोऱ्या फॉर्ममध्ये प्रत्येक रकान्यात सहज ओळखू येईल असा खोटा मजकूर भरावा. मी ‘नावयेथे’, ‘क्रमांकयेथे’ असे शब्द भरतो. मग लिंक मागवून ती नोटपॅडमध्ये उघडली की ‘एंट्री’ हा शब्द, टिंब, लांबलचक क्रमांक, बरोबरचे चिन्ह आणि आपण भरलेला खोटा शब्द असा क्रम दिसतो. तो क्रमांक म्हणजे त्या प्रश्नाची ओळख. प्रश्नाच्या शीर्षकाशी तिचा संबंध नसल्यामुळे शीर्षकातील शुद्धलेखन नंतर सुधारले तरी लिंक मोडत नाही.

शीटमधून प्रत्येक विद्यार्थ्यासाठी वेगळी लिंक कशी तयार करावी?

वरील लिंकचे तुकडे करून खोट्या शब्दांच्या जागी शीटमधील सेल जोडावेत. प्रत्येक सेलभोवती ‘एन्कोडयूआरएल’ हे फंक्शन घालणे अनिवार्य आहे. ते का, हे पुढच्या प्रश्नात येते. सूत्र एकदा दुसऱ्या ओळीत बसले की ते खाली ओढून शेकडो लिंका तयार होतात. हेच फंक्शन विंडोजवरील एक्सेलमध्ये २०१३च्या आवृत्तीपासून उपलब्ध आहे.

ज्यांना ॲप्स स्क्रिप्टची, म्हणजे शीट्स आणि फॉर्म्सना आज्ञा देणाऱ्या गूगलच्या प्रोग्रामिंग सोयीची, सवय आहे, त्यांनी हे तुकडे हाताने जोडण्याच्या फंदात पडूच नये. स्क्रिप्टमधून फॉर्मचा एक रिकामा प्रतिसाद तयार करून त्यात प्रत्येक प्रश्नाचे उत्तर भरता येते आणि तो सादर न करता त्याच्याकडून ‘टू-प्रीफिल्ड-यूआरएल’ या फंक्शनने लिंक मागता येते. एन्कोडिंग, रकान्यांचे क्रमांक, तारखेची मांडणी हे सारे गूगल स्वतःच सांभाळते.

नाव किंवा पत्ता अर्धवटच का येतो?

कारण मजकुरातील काही चिन्हांना लिंकमध्ये वेगळा अर्थ असतो. दुकानाचे नाव ‘शिंदे & सन्स’ असेल, तर ‘&’ आल्याबरोबर पहिली जोडी संपली असे समजून फॉर्म ‘शिंदे’ एवढेच उचलतो आणि उरलेला ‘सन्स’ नावाचा एक अनाथ पॅरामीटर तयार होतो. पत्त्यात ‘फ्लॅट #४’ असेल, तर ‘#’पासून पुढचा भाग ब्राउझर सर्व्हरकडे पाठवतच नाही, म्हणजे पत्ता तर तुटतोच, शिवाय त्यानंतरचे सगळे पॅरामीटरही जातात. मोबाईल क्रमांकाआधीचे ‘+९१’ आणखी फसवे आहे. फॉर्मच्या लिंकमध्ये अधिकचिन्ह म्हणजे मोकळी जागा असा जुना संकेत असल्यामुळे ते चिन्ह नाहीसे होते आणि त्या जागी दिसेल न दिसेल अशी मोकळी जागा उरते. फक्त अंक मागणारी तपासणी लावली असेल, तर क्रमांक बरोबर दिसत असूनही फॉर्म तो नाकारतो आणि पालकाला त्यामागचे कारण कधीच कळत नाही.

यावर उपाय एकच : मूल्य लिंकमध्ये घालण्यापूर्वी त्याचे टक्के-एन्कोडिंग करावे, म्हणजे अशा प्रत्येक चिन्हाच्या जागी टक्क्याचे चिन्ह आणि दोन षोडशमान अंक (शून्य ते नऊ किंवा ए ते एफ) येतात. अधिकचिन्हाचे होते ‘%२बी’, मोकळ्या जागेचे ‘%२०’. जावास्क्रिप्ट लिहिणाऱ्यांनी ‘एन्कोड-यूआरआय-कॉम्पोनंट’ हे फंक्शन वापरावे. नावाने जवळचे असलेले ‘एन्कोड-यूआरआय’ हे संपूर्ण पत्त्यासाठी असून ते ‘&’, ‘+’ आणि ‘#’ यांना हात लावत नाही; एकेका मूल्यासाठी ते वापरले, तर मूळ दुखणे तसेच राहते. मात्र एन्कोडिंग एकदाच करावे. दोनदा केले, तर टक्क्याच्या चिन्हाचेही एन्कोडिंग होते आणि फॉर्ममध्ये नावाऐवजी टक्के आणि अंकांची रांग दिसते.

व्हॉट्सॲपवर लिंक पाठवताना आणखी एक गोष्ट जाणवते. एन्कोड न केलेली मोकळी जागा लिंकमध्ये राहिली, तर व्हॉट्सॲप तिथपर्यंतचाच भाग निळा करते. पालक तेवढ्यावरच बोट ठेवतात.

मराठी मजकूर घातला की लिंक इतकी लांब का होते?

संगणकात मजकूर साठवण्याच्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीतील प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे (साठवणीच्या एककांचे) असते आणि टक्के-एन्कोडिंगमध्ये प्रत्येक बाइटसाठी तीन अक्षरे लागतात. म्हणजे ‘क’ या एका अक्षराचे ‘%ई०%ए४%९५’ असे नऊ अक्षरांचे रूप होते. काना, मात्रा, वेलांटी आणि पायमोडणी हीसुद्धा संगणकाच्या हिशेबात स्वतंत्र चिन्हे आहेत. ‘पुणे’ आपल्याला दोन अक्षरांचे वाटले, तरी त्यात चार चिन्हे आहेत आणि लिंकमध्ये त्याला ३६ अक्षरे लागतात, ‘सावित्री’ला ७२.

एवढ्याने लिंक मोडत नाही. पूर्वी इंटरनेट एक्सप्लोरर २,०८३ अक्षरांपलीकडची लिंक घेत नसे, त्यामुळे दोन हजारांची मर्यादा अनेकांच्या डोक्यात अजून पक्की बसलेली आहे. २०२२च्या आरएफसी ९११० या मानकाने मात्र किमान आठ हजार बाइटांची लिंक सगळ्यांनी स्वीकारावी अशी शिफारस केली आहे. असे असले तरी विद्यार्थ्याचे नाव, आईचे नाव, संपूर्ण पत्ता आणि मागील शाळेचे नाव असे सारे मराठीत भरून पाठवण्यापेक्षा नोंदणी क्रमांकासारखी छोटी खूण पाठवणे शहाणपणाचे आहे.

मजकूर तंतोतंत सारखा असूनही यादीतील पर्याय निवडला जात नाही. असे का होते?

हा प्रश्न इंग्रजी फॉर्म करणाऱ्यांना सहसा पडत नाही. मराठीत तो नेहमीचा आहे. पर्याय निवडला जाण्यासाठी लिंकमधील मजकूर आणि फॉर्ममधील पर्याय चिन्हागणिक जुळावा लागतो, आणि डोळ्यांना सारखे दिसणारे दोन मराठी शब्द चिन्हागणिक सारखे असतीलच असे नाही.

तालुक्यांच्या यादीतील ‘कऱ्हाड’ घ्या. त्यातील अर्ध्या चंद्राचा ‘र’ दोन मार्गांनी टंकता येतो. कोणी ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर घेऊन त्याला पायमोडणी लावतो, तर कोणाचा कीबोर्ड साधा ‘र’, पायमोडणी आणि त्यानंतर एक अदृश्य जोडचिन्ह घालतो. पडद्यावर दोन्ही एकच दिसतात. शीटमध्ये ‘लेन’ फंक्शनने लांबी मोजली, तर पहिल्या प्रकाराची सहा आणि दुसऱ्याची सात भरते, आणि फॉर्मसाठी ते दोन वेगळे तालुके ठरतात. ‘ॲ’ची कथा याहून गुंतागुंतीची आहे. हे अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व लिप्यांतील चिन्हांना क्रमांक देणाऱ्या मानकात, २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आले. त्याआधी ‘अ’वर चंद्र देऊन काम भागवले जात असे आणि आजही अनेक कीबोर्ड तसेच करतात, काही तर मध्ये तेच अदृश्य जोडचिन्हही घालतात. त्यामुळे ‘ॲग्रीकल्चर’ या शब्दाची तीन रूपे एकाच शीटमध्ये सुखाने नांदत असतात.

म्हणून फॉर्ममधील पर्याय शीटमध्ये पुन्हा टंकू नयेत. फॉर्ममधूनच कॉपी करून शीटच्या एका वेगळ्या पानावर ठेवावेत आणि डेटा व्हॅलिडेशनच्या साहाय्याने त्या यादीतूनच निवड करायला लावावी. जुनी शीट हाती आली असेल, तर सर्व रूपे एका रूपात बदलणारे ‘सब्स्टिट्यूट’चे सूत्र आधी चालवावे. शब्दाच्या शेवटी राहिलेली मोकळी जागाही असाच घोटाळा करते. ती ‘ट्रिम’ने जाते. फॉर्म स्वतःचा असेल, तर याहून चांगला मार्ग आहे : पर्यायाचे दिसणारे नाव मराठीत ठेवावे आणि लिंकमधून फक्त त्याचा इंग्रजी अंकांतील संकेतांक पाठवावा.

अंक आणि तारखा पाठवताना काय पाहावे?

शीटमध्ये पिनकोड ‘४११०३०’ असा देवनागरी अंकांत असेल, तर फॉर्मवरची ‘फक्त शून्य ते नऊ’ ही तपासणी तो नाकारील, कारण तिला इंग्रजी अंकच ओळखता येतात. शून्याने सुरू होणारा हजेरी क्रमांक संख्या म्हणून साठवला असेल, तर सुरुवातीचे शून्य आधीच गेलेले असते. असा स्तंभ मजकूर म्हणूनच ठेवावा.

गूगल फॉर्म्सला तारीख आधी चार आकडी वर्ष, मग महिना, मग दिवस अशी, मध्ये संयोगचिन्हे देऊन लागते. एक्सेलमध्ये तारखेचा सेल थेट लिंकला जोडला, तर १५ जून २०२४ ऐवजी ४५४५८ असा क्रमांक जातो, कारण एक्सेल तारखा दिवसांच्या मोजणीने साठवते. ‘टेक्स्ट’ फंक्शनने तिला आधी योग्य रूप द्यावे.

एकाहून अधिक पर्याय किंवा ‘इतर’ हा पर्याय कसा भरावा?

चेकबॉक्सच्या प्रश्नासाठी तीच एंट्री प्रत्येक निवडीमागे एकदा, अशी पुन्हा पुन्हा लिहावी. स्वल्पविरामाने जोडलेली यादी चालत नाही. ‘इतर’साठी दोन जोड्या लागतात, एक ‘इतर’ निवडल्याचे सांगणारी आणि दुसरी त्यातील मजकुराची. त्यांची नावे आडवळणाची आहेत. नमुना लिंकमध्ये ‘इतर’ भरून ती तशीच उचलावीत. फाइल जोडण्याचा प्रश्न मात्र लिंकमधून भरता येत नाही.

आधीच भरलेला रकाना पालकांना बदलता येऊ नये, किंवा दिसूच नये, असे करता येते का?

गूगल फॉर्म्समध्ये नाही. तिथे भरलेले मूल्य ही केवळ सूचना असते. भरणारा ते पुसून काहीही लिहू शकतो. याचा अनुभव मला एका सोमवारी आला. नोंदणी क्रमांक आधीच भरलेल्या लिंका आम्ही प्रत्येक पालकाला स्वतंत्रपणे पाठवल्या होत्या. त्यांपैकी एका पालकांनी, सद्भावनेनेच, आपली लिंक वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकली. दुपारपर्यंत वेगवेगळ्या नावांचे अकरा फॉर्म एकाच नोंदणी क्रमांकाने जमा झाले होते. चूक पालकांची नव्हती. लिंक म्हणजेच ओळखपत्र असे मीच गृहीत धरले होते.

तेव्हापासून लिंकमधून आलेला क्रमांक आणि भरणाऱ्याने स्वतः लिहिलेली जन्मतारीख यांची जोडी प्रतिसादांच्या शीटमध्ये मूळ यादीशी पडताळली जाते आणि न जुळणारी ओळ लाल होते. विद्यार्थ्यांकडे संस्थेची गूगल खाती असतील, तर फॉर्मच्या सेटिंग्जमधून पडताळलेला ईमेल पत्ता गोळा करणे याहून खात्रीचे ठरते.

स्वतःच्या संकेतस्थळावरील फॉर्ममध्ये रकाना लपवता येतो किंवा केवळ वाचनापुरता ठेवता येतो. परंतु लिंक बदलणे ज्याला जमते, त्याला पानातील लपलेला रकाना बदलणेही जमते. लपवल्याने पडदा स्वच्छ दिसतो, यापलीकडे सुरक्षितता मिळत नाही.

पॅरामीटरप्रमाणे फॉर्मचे रूपच बदलायचे असेल तर?

विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्याला द्विलक्षी विषयांचा प्रश्न दिसावा आणि कला शाखेच्या विद्यार्थ्याला दिसू नये, अशी गरज नेहमी पडते. गूगल फॉर्म्समध्ये उत्तरानुसार वेगळ्या विभागात जाण्याची सोय आहे. शाखेचा प्रश्न लिंकमधून आधीच भरला, की भरणारा ‘पुढे’ दाबून योग्य विभागात पोहोचतो. शाखेचा प्रश्न त्याला दिसतो आणि बदलताही येतो, हे गृहीत धरूनच विभाग आखावेत.

स्वतःच्या फॉर्ममध्ये पान उघडताच ‘यूआरएल-सर्च-पॅराम्स’ या ब्राउझरमधील सोयीने मूल्ये वाचता येतात आणि त्यानुसार रकाने दाखवता येतात. येथे तीन पथ्ये पाळावीत. स्वीकारायच्या मूल्यांची यादी आधी ठरवून तिच्याबाहेरचे मूल्य आले, तर नेहमीचा संपूर्ण फॉर्म दाखवावा. कोरे पान कधीही दाखवू नये. लिंकमधून आलेला मजकूर पानात घालताना तो मजकूर म्हणूनच घालावा, एचटीएमएल (पान ज्यात लिहिले जाते ती भाषा) म्हणून नव्हे, कारण नावाच्या जागी कोणी स्क्रिप्ट लिहून पाठवली, तर ती लिंक उघडणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये चालू शकते. आणि फॉर्म सादर झाल्यावर सर्व नियम सर्व्हरवर पुन्हा तपासावेत. ब्राउझरमधील तपासणी भरणाऱ्याच्या सोयीसाठी असते, कार्यालयाच्या संरक्षणासाठी नसते.

शुल्काची रक्कम लिंकमधून पाठवावी का?

पाठवू नये. पत्त्याच्या पट्टीतील ‘१२००’चे ‘१२’ करायला कोणतेही तांत्रिक ज्ञान लागत नाही. लिंकमध्ये फक्त विद्यार्थ्याची खूण असावी आणि रक्कम सर्व्हरने आपल्या नोंदींमधून काढावी.

दोन प्रणाली वेगवेगळ्या संस्थांच्या असल्यामुळे मूल्ये लिंकमधूनच न्यावी लागत असतील, तर पाठवणाऱ्या प्रणालीने त्यांवर एचएमएसी पद्धतीची सही करावी. दोन्ही सर्व्हरांना ठाऊक असलेल्या गुप्त किल्लीने मूल्यांवरून एक ठसा काढला जातो आणि तो लिंकमध्ये जोडला जातो. घेणारा सर्व्हर तोच हिशेब पुन्हा करतो आणि मूल्यातील एक अंक जरी बदललेला असला, तरी ठसा जुळत नाही. मुदतीची वेळही सहीच्या कक्षेत घ्यावी, नाहीतर गेल्या वर्षीची लिंक यंदाही चालते. गुप्त किल्ली पानाच्या जावास्क्रिप्टमध्ये ठेवलेली मी पाहिली आहे. तसे करणे म्हणजे कुलूप लावून किल्ली त्याच कडीला टांगणे होय.

माझी स्वतःची पसंती याहून साध्या मार्गाला आहे : पाठवणारी प्रणाली माहिती थेट सर्व्हरला देते, सर्व्हर एक लांब, अंदाज न करता येणारी, एकदाच चालणारी खूण परत देतो आणि लिंकमध्ये तेवढीच जाते.

कोणती माहिती लिंकमध्ये कधीच घालू नये?

आधार क्रमांक, बँक खाते, जातप्रमाणपत्राचा तपशील, आजारपणाची माहिती. पत्ता ‘एचटीटीपीएस’ने सुरू होत असेल, तर वाटेत लिंक वाचता येत नाही हे खरे, पण ती ब्राउझरच्या इतिहासात, सर्व्हरच्या नोंदवहीत आणि जिथे जिथे ती पाठवली त्या प्रत्येक गप्पांमध्ये उघडी पडून राहते. सायबर कॅफेत फॉर्म भरला असेल, तर पुढचा गिऱ्हाईक ती पाहू शकतो. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ने अशा माहितीची जबाबदारी ती गोळा करणाऱ्यावर टाकली आहे, आणि विद्यार्थी १८ वर्षांखालील असतील तर पालकांच्या संमतीचा प्रश्नही येतो.

संकेतस्थळाच्या पानात बसवलेल्या फॉर्मपर्यंत पॅरामीटर का पोहोचत नाहीत?

कारण आयफ्रेमला, म्हणजे फॉर्म ज्या चौकटीत बसवला जातो तिला, बाहेरच्या पानाचा पत्ता आपोआप मिळत नाही. बाहेरच्या पानातील स्क्रिप्टने मूल्ये वाचून ती आयफ्रेमच्या पत्त्याला जोडावी लागतात.

फॉर्ममध्ये दुरुस्ती केली तर आधी पाठवलेल्या लिंका चालतील का?

प्रश्नाचे शीर्षक बदलले किंवा प्रश्नांचा क्रम बदलला, तर चालतात. प्रश्न काढून तसाच नवा घातला, तर त्याला नवा क्रमांक मिळतो आणि जुनी लिंक तो रकाना रिकामा ठेवते. पर्यायाचे शब्द बदलले, तरी जुन्या लिंकमधील निवड जुळत नाही. लिंका रवाना झाल्यावर फॉर्ममध्ये फक्त भर घालावी, आणि पुढच्या वर्षासाठी फॉर्मची प्रत काढली, की नमुना लिंक त्या प्रतीवरून नव्याने मागवावी.

सर्वांना लिंका पाठवण्यापूर्वी काय तपासावे?

शीटमधील सर्वांत त्रासदायक पाच ओळी निवडाव्यात : सर्वांत लांब नावाची, ‘&’ किंवा ‘#’ असलेली, अर्ध्या चंद्राच्या ‘र’ची, ‘+९१’ने सुरू होणाऱ्या क्रमांकाची आणि एखादा सेल रिकामा असलेली. त्यांच्या लिंका स्वतःलाच व्हॉट्सॲपवर पाठवून साध्या मोबाईलवर, गूगल खात्यातून बाहेर पडून उघडाव्यात. फॉर्म शेवटपर्यंत भरून सादर करावा आणि प्रतिसादांच्या शीटमध्ये काय उतरले ते मूळ ओळीशेजारी ठेवून वाचावे. या पाच ओळी पार पडल्या, की उरलेल्या लिंका पाठवायला हरकत नाही. चाचणीचे प्रतिसाद मात्र त्याआधी पुसायला विसरू नये.